परवानगी आहे!

"आमच्या वाटेत ही कुंडी कुणी ठेवली?" असं म्हणत नर्सबाईंनी कुंडी पायानं बाजूला सरकवली आणि मागच्या फाटकातून त्या नेहमीसारख्या ड्यूटीला निघून गेल्या. व्हरांड्यात चहा पीत बसलेल्या शिरस्तेदारांना जोराचा ठसका लागला.

शिरस्तेदार म्हणजे कोर्टातले निवृत्त हेडक्लार्क. शिरस्तेदार हे पद कधीच इतिहासजमा झालं होतं, पण जन्म जुन्या दप्तरात गेल्यामुळे यांची भाषा तिथंच राहिली, आणि लोकांनी नावही तेच ठेवलं. घरात दूध उतू गेलं की पंचनामा व्हायचा. बायकोचा हरवलेला चष्मा सापडला की तो मुद्देमाल. ती बहिणीकडे निघाली की तिचं जाणं निदान एकदा तरी तहकूब!

"ऐकलंस?" त्यांनी बायकोला विचारलं. "'आमच्या वाटेत' म्हणाली!"

"मग? रोज जाते बिचारी. बसथांबा जवळ पडतो तिला."

"रोज जाते हीच तर मेख आहे! वर्षानुवर्षं, उघड उघड, कुणाला न विचारता. याला वहिवाट म्हणतात, वहिवाट! उद्या अंगण आपलं आणि रस्ता तिचा."

"मग अंगण गुंडाळून कपाटात ठेवू का?"

"परवानगी द्यायची! परवानगीनं शंभर वर्षं वापरलं तरी हक्क लागत नाही. कायदाच आहे तसा."

दुसऱ्या दिवशी नर्सबाई अंगणात शिरताच शिरस्तेदार ताडकन उठले आणि कोर्टात पुकारा करावा तसे ओरडले, "परवानगी आहे!"

बाईंनी दचकून मागे पाहिलं. मागे कुणीच नव्हतं. त्या गेल्या, पण पुढच्या सकाळी पुन्हा तेच. नंतर तर शिरस्तेदारांनी साक्षीला शेजारचा शिंपी आणून बसवला. तो आपला चहाच्या आशेनं आला होता.

"परवानगी आहे!"

"अहो काका, रोज रोज कसली परवानगी?"

"माझ्या अंगणातून जाण्याची. मी देतोय."

"मी मागितलीय कधी? नकोय मला तुमची परवानगी!" बाई कडाडल्या.

"मी ऐकलं हां," शिंपी कप खाली ठेवत म्हणाला. "नको म्हणाल्या त्या."

परवानगीच नाकारली, म्हणजे वहिवाट पक्की! आपणच आणलेला साक्षीदार आपल्यावरच उलटलेला पाहून शिरस्तेदारांचं धाबं दणाणलं. दुपारच्या आत फाटकाला कुलूप लागलं. नर्सबाई मोठ्या रस्त्यानं वळसा घालून जाऊ लागल्या, आणि खटला जिंकल्याच्या आनंदात शिरस्तेदार रविवारपर्यंत शीळ घालत हिंडले.

रविवार हा त्यांच्या इंजेक्शनचा वार. कोर्टात भल्याभल्यांना दरडावणारा हा गृहस्थ सुई दिसली की लटपटायचा. एका नर्सबाईंचाच हात काय तो हलका. त्या गप्पा मारता मारता टोचायच्या, कळायचंही नाही. पण त्या रविवारी बाई काही आल्या नाहीत. शेवटी दवाखान्यातल्या कंपाउंडरनं पोत्यात दाभण घालावं तसं टोचलं. पुढचे दोन दिवस शिरस्तेदार उभ्यानं जेवले.

पुढचा रविवार जवळ आला तशी त्यांची झोप उडाली. आदल्या दिवशी ते बायकोला घेऊन नर्सबाईंच्या दारात हजर झाले.

"बाई, इतकी वर्षं तुमच्याच हातची सुई घेतोय. अखंड, उघड, बिनतक्रार. ती आता माझी वहिवाट झाली. तुम्हाला नाही म्हणता येणार नाही!"

"असं कसं काका? मी ती माझ्या परवानगीनं देत होते. परवानगीनं शंभर वर्षं घेतली तरी हक्क लागत नाही. कायदाच आहे ना तसा?"

"हे तुम्हाला कुणी सांगितलं?"

मागे उभी असलेली बायको हळूच खोकली. घरचाच भेदी निघाला! शिरस्तेदारांनी निमूटपणे खिशातून फाटकाची किल्ली काढून पुढे केली.

"वाट तुमची."

"कुणाची? जरा मोठ्यांदा. शिंप्याला ऐकू जाऊ दे."

"तुमची हो, तुमची!"

रविवारी सकाळी नर्सबाई मागच्या फाटकातून ऐटीत आल्या. शिरस्तेदार भिंतीकडे तोंड करून, डोळे गच्च मिटून पडले होते. स्पिरिटचा वास आला, कापूस फिरला, पण पुढे काहीच होईना.

"टोचा ना बाई! कशासाठी थांबलात?"

"मी कधीची तयार आहे, काका. पण तुमच्याकडे रीत आहे ना एक?"

शिरस्तेदारांनी उशी घट्ट धरली आणि अख्ख्या गल्लीला ऐकू जाईल असे ते ओरडले, "परवानगी आहे!"