लायनीला लांबूनच नमस्कार

आमच्या मिरजगावात विजेच्या तारांना हात जोडणारा माणूस एकच, आमचे शेजारी भानुदासकाका. देवळासमोरून ते तरातरा निघून जातील; पण डोक्यावर लाईन दिसली की थांबतात आणि म्हणतात, "नमस्कार, लांबूनच!" मी एकदा भीत भीत कारण विचारलं. मी कॉलेजात जातो, म्हणून ते मला कॉलेजच म्हणतात. "अरे कॉलेज, लाईन म्हंजी व्याही. मान द्यायचा, पन अंतर ठिवून."

काकांकडे बादलीची गाडी आहे. टेम्पोवर लांब लोखंडी हात, त्याच्या टोकाला माणूस उभा राहील एवढी बादली. रस्त्यावरचे दिवे, फ्लेक्स, चर्चवरची नाताळची चांदणी, सगळीकडे तीच जाते. गाडी दुरुस्तीला काढली की काका आधी अंगठी आणि घड्याळ काढतात, बॅटरीची वायर सोडतात आणि किल्ली करदोट्याला बांधतात. "आता कुनाची छाती हाय चालू करायची, बघतो!"

टेस्टरवरही त्यांचा विश्वास नाही. आधी तो चालू बोर्डाला लावून खरं बोलतो का बघतात, मगच बंद वायरीला लावतात. ही सवय सगळीकडे शिरली आहे. स्टँडवर कर्जतच्या एसटीची वेळ विचारायची तर आधी समोरच्याला आज वार कोणता ते विचारतात. वार चुकला की वेळ ऐकूनच घेत नाहीत.

या सगळ्याला आम्ही हसायचो. मग मनीषाताईचं, म्हणजे काकांच्या एकुलत्या एक मुलीचं लग्न आलं.

वऱ्हाड श्रीरामपूरचं. मांडव हायवेला लागून, आणि मांडवासमोरूनच मोठी लाईन गेलेली. नवरदेव घोड्यावरून उतरायच्या आधीच त्याच्या चुलत्यांनी मागणी केली, नवरानवरीला बादलीतून वर न्या, हार वरच घालू द्या. घरचीच तर गाडी!

"न्हाई," काका म्हणाले.

"अहो, वायरमनला फोन केलाय. लाईन बंद आहे."

"आज वार कंचा?"

चुलते गोंधळले. "शुक्रवार... नाही, शनिवार."

"बघा, वारच पक्का न्हाई. लाईन बंद केलेली कुनी बघितली?"

"पण बादली फायबरची आहे ना? करंट कसा लागेल?"

"बादली फायबरची हाय. जावई हाय का फायबरचा?"

मांडवात हशा पिकला आणि तिथंच बिनसलं. नवरदेव घोड्यावरून उतरेना. वाजंत्री थांबली. काकू काकांच्या कानाशी लागल्या, "अवो, जरासं वर न्या की! पोरीचं लगीन मोडताय का?" काका मांडवाशेजारी उभ्या केलेल्या बादलीच्या गाडीपाशी गेले, बॅटरीची वायर सोडली आणि किल्ली नव्या धोतराच्या आत करदोट्याला बांधली.

तेवढ्यात नवरीच्या खोलीतून करवली पळत आली. थेट घोड्यापुढं उभी राहून तिनं निरोप सांगितला, "ताई म्हनती, बाबा न्हाई म्हनले तर न्हाई. तुमी चालत या, मी बी चालतच येते. लायनीखाली बादली हलली तर मी मांडवातून उठीन."

नवरदेवानं एकदा तारांकडं पाहिलं, एकदा काकांकडं. मग गुपचूप उतरला.

लग्न लागलं. दिवस कलताना ताईची गाडी नगरच्या दिशेनं निघाली. काकू रडल्या, मीही रडलो. काका मात्र वऱ्हाडाच्या चालकाला टायरमधल्या हवेबद्दल विचारत राहिले.

गाडी सुटताच त्यांनी माझा दंड धरला. "चल. बादलीच्या पंपाचा आवाज येतोय, बघावं लागल."

"आत्ता? फेट्यावर?"

त्यांनी बॅटरीची वायर जोडली आणि बादलीची गाडी शाळेमागच्या मोकळ्या पटांगणात नेली. तिथं डोक्यावर एकही तार नव्हती. मला बादली वर-खाली करायच्या खालच्या दांड्यांपाशी उभं करून ते बादलीत चढले आणि वर गेले, अगदी शेवटपर्यंत. पंपाकडं त्यांनी पाहिलंही नाही. तोंड हायवेकडं होतं.

बराच वेळ झाला. मी खालून ओरडलो, "काका, दिसती का गाडी?"

"लई मघाशीच गेली," वरून आवाज आला.

पण बादली काही खाली येईना.