चोविसाव्या हिश्श्याची काळी-पिवळी

भास्करराव सोनवणे यांचे प्रथम दर्शन मला घडले, तेव्हा ते आमच्या सोसायटीच्या पार्किंगमध्ये गुडघे टेकून बसले होते आणि एका परक्या मोटारीच्या चाकामागची धूळ चमच्याने डबीत भरत होते. मी स्नानसंध्या आटोपून दूध आणावयास निघालो होतो. साठी ओलांडलेले गृहस्थ, अंगात इस्त्रीचा सदरा, शेजारी एक रेशमी साडीचा तुकडा आणि त्यातून गाळलेल्या धुळीचा पिठासारखा बारीक ढीग. मला वाटले, काही व्रत असावे. पार्थिवपूजेसाठी मृत्तिका कोठून घ्यावी याचे नियम मला ठाऊक आहेत; परंतु टायरमागची मृत्तिका कोणत्याही दैवताला चालल्याचे माझ्या ऐकिवात नव्हते. मी आदरपूर्वक पृच्छा केली. त्यांनी वर न पाहता सांगितले, "ही गाडी काल नवापूरला जाऊन आली, गुरुजी. तिकडची धूळ इथे सुरतेत विकत मिळत नाही."

मी नमस्कार करून पुढे निघालो. दूध घेऊन परत आलो तरी माझ्या मनातील गोंधळ तसाच होता.

पुढे परिचय झाला. ते आमच्याच मजल्यावर, समोरच्या घरात राहावयास आले होते. मूळचे खानदेशातले, बँकेत नोकरी करून निवृत्त झालेले, विवाह राहून गेलेला. मी आयुष्यभर इथल्या मराठी शाळेत संस्कृत शिकवले, म्हणून सुरतेच्या या उधना भागातली सारी मराठी मंडळी मला गुरुजी म्हणतात. भास्कररावांनीही तेच संबोधन स्वीकारले आणि एके सायंकाळी मला आपला 'कारखाना' पाहावयास नेले.

कारखाना म्हणजे जेवणाचे टेबल. त्यावर प्लास्टिकच्या चौकटी पडलेल्या आणि प्रत्येक चौकटीला मोटारीचे सुटे अवयव फळांसारखे लटकलेले: दारे, आसने, नखाएवढे आरसे. परदेशातून अशी खोकी येतात. मग माणसाने एकेक अवयव कापून काढावा, घासावा, चिकटवावा, रंगवावा आणि अखेरीस खऱ्या मोटारीच्या चोविसाव्या हिश्श्याएवढी मोटार सिद्ध करावी, असा हा छंद. येथपर्यंत मला समजले. मूर्तिकारही अवयव घडवून जोडतो. परंतु मोटार जोडून, रंगवून, आरशासारखी चकाकू लागली की भास्करराव तिच्याकडे खिन्नपणे पाहत आणि म्हणत, "हजी जूनी नथी थई." अजून जुनी झाली नाही. बँकेत सारे आयुष्य गुजराती खातेदारांत गेल्यामुळे त्यांचे अंतिम निर्णय नेहमी गुजरातीत होत असत.

मग ती जुनी करण्याचा विधी सुरू होई. आमच्या सौभाग्यवतींकडून ते जाडे मीठ मागून नेत. मिठाचे कण चिकटवून वर रंग द्यायचा आणि मग मीठ खरवडून काढायचे, म्हणजे रंगाचे पोपडे उडाल्याचा भास होतो. पॉलिश पेपरने मडगार्ड झिजवायचे. चहाचे पाणी काचेवर सुकवायचे. धूळ बसवायची आणि ती उडू नये म्हणून वरून केसांना मारतात तो फवारा मारायचा. ज्यांच्या मस्तकावर केस उरलेला नाही असे हे ब्रह्मचारी कोपऱ्यावरच्या दुकानात तो फवारा मागत, तेव्हा दुकानदार काय समजत असेल, हे मी त्यांना कधी विचारले नाही.

धर्मशास्त्रात जीर्णोद्धाराचे मोठे पुण्य सांगितले आहे. नव्याचे जीर्ण करण्याचे फल काय, हे मात्र कोठे आढळत नाही. मी एकदा त्यांना तसे बोलूनही दाखवले. त्यांनी मला त्यांच्या काचेच्या कपाटासमोर उभे केले. आत पंधरा-वीस मोटारी होत्या, सगळ्या गंजलेल्या, चेमटलेल्या, एकीचे तर पुढचे चाकच गळून पडलेले. "यांत नवी कोणती वाटते का?" असे त्यांनी अभिमानाने विचारले. मी प्रामाणिकपणे नाही म्हणालो. त्यांना फार आनंद झाला. घरी येऊन मी हा संवाद सौभाग्यवतींना सांगितला, तेव्हा त्या म्हणाल्या की दोघांच्याही डोक्यावर परिणाम झालेला दिसतो.

असे वर्षभर चालले. मग त्यांचे थोरले बंधू गावाहून त्यांच्याकडे राहावयास आले.

त्यांना सगळे दादा म्हणत. शुभ्र धोतर, पांढरी टोपी, चेहरा प्रसन्न. परंतु स्मृती साथ देईनाशी झालेली. तारुण्यात दादांनी नंदुरबार-शहादा रस्त्यावर काळी-पिवळी चालवली. काळी-पिवळी म्हणजे खाली काळी, वर पिवळी अशी प्रवासी जीप; ज्या गावांना एसटी विसरते त्यांना हीच आठवण ठेवते. ती जीप कधीच भंगारात गेली होती. दादांच्या लेखी मात्र ती येथेच कोठेतरी उभी होती. सकाळी उठले की ते खाली पार्किंगमध्ये जात, एकेका मोटारीचे दार उघडून पाहत आणि भेटेल त्याला नम्रपणे विचारत, "मन्ही गाडी कोठे शे?" माझी गाडी कुठे आहे?

लोकांनी प्रथम हसून सोडले. मग तक्रारी आल्या. एका गृहस्थांच्या नव्या गाडीचा भोंगा अर्धा तास वाजत राहिला. त्यानंतर दादा पार्किंगमध्ये न थांबता फाटकाबाहेर पडू लागले. एके दिवशी ते पांडेसऱ्याच्या रस्त्यावर, कापडाचे तागे लादलेल्या टेम्पोंच्या मधोमध, आपली जीप शोधताना सापडले. त्या दिवसापासून भास्करराव बाहेर पडताना दाराला बाहेरून कुलूप घालू लागले. कुलूप लावून झाले की ते दाराला कान लावून उभे राहत. त्या वेळी जिन्यात माझी गाठ पडली तर माझ्याकडे पाहत नसत.

उपाय दादांनीच सुचवला, असे म्हणावयास हवे. एका दुपारी ते त्या काचेच्या कपाटासमोर उभे राहिले, बराच वेळ आत निरखत राहिले आणि म्हणाले की या गाड्या प्रवाशांनी भरत का नाहीत, कधीच्या उभ्या आहेत. भास्कररावांनी हे मला सांगितले तेव्हा त्यांचा आवाज बदललेला होता. दादांना त्या मोटारी लहान वाटत नव्हत्या. त्या दूर उभ्या आहेत असे वाटत होते.

"दादांची जीप मी इथे उभी करून ठेवतो, गुरुजी," ते म्हणाले. "मग खाली शोधायला जाणार नाहीत. कुलूपही लावायला नको."

आता काळी-पिवळीचे खोके परदेशातील कोणता कारखानदार पाठवील? भास्कररावांनी दुसऱ्याच एका जीपचे खोके मागवले, तिचे अंग करवतीने मधोमध कापले, लांबवले, मागे समोरासमोर बाके बसवली, वायरीतील तांब्याच्या तारेचा कॅरिअर वळवून टपावर लावला. खऱ्या जीपचे मागचे दार कधी नीट लागत नसे, ते सुतळीने बांधलेले असे. म्हणून सुतळीचा एक धागा सोलून तेही बांधले. हे सर्व ते माझ्याशी चर्चा करून करत आणि मी अधिकाधिक गोंधळात पडत असे. पिवळा रंग हळदीकडे झुकणारा होता की झेंडूकडे, असे मला विचारीत. मी ती जीप जन्मात पाहिलेली नव्हती. तरी एकदा सकाळी मी हळद म्हणालो आणि संध्याकाळी झेंडू म्हणालो, यावरून त्यांनी माझ्याशी दोन दिवस अबोला धरला.

जीप तयार झाली की दादांसमोर ठेवायची. दादा पाहत, मान हलवत आणि सौम्यपणे म्हणत, "हाई मन्ही नही." ही माझी नव्हे. एवढे बोलून ते चपला शोधू लागत.

भास्कररावांचे निदान ठाम असे: अजून जुनी झाली नाही. मग आणखी गंज, आणखी चिखल, खऱ्या जीपला एकदा बैलाने धडक मारली होती तेथे आणखी खोल पोचा. जीप दिवसेंदिवस इतकी दीनवाणी झाली की तिच्यातून प्रवास करण्याची कल्पनाही मला सहन होईना. दादा तिला ओळखत नव्हतेच. आता तर ते तिच्याकडे पाहण्याचेही टाळू लागले.

दसरा जवळ आला. भास्कररावांना शेवटची युक्ती सुचली. दादा दसऱ्याला जीपची पूजा केल्याशिवाय अन्न घेत नसत. तेव्हा पूजा मांडलेली पाहून तरी ओळख पटेल. पूजा मी सांगावी, आमच्या घरी, कारण त्यांच्या टेबलावर देवाला जागा नव्हती. मी होकार दिला आणि नंतर विचारात पडलो. वाहनपूजेत चाकाखाली लिंबू ठेवतात. येथे चाकच सुपारीएवढे. सौभाग्यवतींनी सुचवले की लिंबाची बी ठेवावी. नारळाऐवजी काय फोडावे, यावर आमचे एकमत झाले नाही.

विजयादशमीच्या सकाळी भास्करराव जीप आणून पाटावर ठेवून गेले. रात्री जागून त्यांनी तिच्यावर नवापूरच्या धुळीचा अखेरचा हात दिला होता. मग दादांना आंघोळ घालून, त्यांना बरोबर घेऊन, ते फाफडा-जलेबी आणावयास गेले. दसऱ्याला सुरतेत फाफड्याच्या दुकानाची रांग म्हणजे दीड-दोन तासांची निश्चिंती.

आमच्या सौभाग्यवतींनी त्या दिवशी विळी धुतली होती, सुऱ्या धुतल्या होत्या, शिवणयंत्र पुसले होते, माझी जुनी सायकलही धुववून घेतली होती. पाटाकडे लक्ष जाताच त्या थबकल्या.

"अहो, असली मळकी गाडी देवापुढे?"

मी म्हणालो की ती तशीच असणे अभिप्रेत आहे.

"सणाच्या दिवशी?"

हा मुद्दा बिनतोड होता. शिवाय स्नानावाचून पूजा होत नाही, हे मी स्वतः चाळीस वर्षे मुलांना शिकवत आलो. मी ताम्हन घेतले, जीप त्यात ठेवली आणि पंचपात्रीतील शुद्धोदक पळीने तिच्यावर सोडले. पाणी तपकिरी झाले. पुन्हा सोडले. सौभाग्यवतींनी मऊ फडके दिले. धूळ, चिखल, चहाचे डाग सारे विरघळून गेले आणि पोचे वगळता आतून स्वच्छ, खाली काळीभोर, वर पिवळीधमक जीप बाहेर आली. मला समाधान वाटले. सगळ्या थरांवर शेवटी मारायचा फवारा अजून राहिला होता, हे मला कोठून ठाऊक असणार? मी तिला पाटावर ठेवले, गंध लावले, टपावर झेंडूची एक पाकळी ठेवली.

दार उघडेच होते. भास्करराव दादांचा हात धरून आत आले आणि उंबऱ्यातच थांबले. त्यांच्या हातातला पुडा खाली झुकला. ते माझ्याकडे पाहत राहिले, मग ताम्हनातल्या गढूळ पाण्याकडे.

"धूळ कुठे गेली, गुरुजी?"

मी म्हणालो, "तीर्थात." याहून बरे उत्तर मला तेव्हा सुचले नाही.

सौभाग्यवती माझी बाजू घेऊन काही बोलू लागल्या होत्या. पण तेवढ्यात दादांनी आपला हात सोडवून घेतला. ते पाटासमोर मांडी घालून बसले. त्यांनी बॉनेटवरून अंगठा फिरवला. सुतळीचे दार उघडून पाहिले, पुन्हा बांधले. चाकाशेजारी पाण्याचा एक थेंब राहिला होता. धोतराचा सोगा बोटावर घेऊन त्यांनी तो हलकेच टिपला.

"मन्ही शे," ते म्हणाले.

भास्करराव भिंतीला टेकले आणि फार हळू आवाजात, मला की स्वतःला कोण जाणे, सांगू लागले, "दादा पहाटे विहिरीवर जीप धूत. मी तेव्हा झोपलेला असायचो. कॉलेजला जाताना मी तिच्यात बसायचो तोवर चार गावे हिंडून तिच्यावर धूळ चढलेली असायची, आणि तेवढीच माझ्या लक्षात राहिली. दादांची जीप कधी जुनी नव्हतीच, गुरुजी."

दादांनी मान वळवून त्यांच्याकडे पाहिले. त्या दृष्टीत विस्मरणाचा लवलेश नव्हता; होती ती केवळ घाई.

"बठ रे भास्कर. कॉलेजले उशीर व्हई राह्यना."

माझ्या हाती निरांजनाचे तबक होते. मंत्र सुरू करावेत की थांबावे, हे मला समजेना. अशा प्रसंगी काय म्हणावे हे मी कोणाकडून शिकलो नव्हतो. भास्कररावांनी चपला काढल्या. गुडघ्यावर हात दाबत ते दादांच्या डाव्या बाजूला जमिनीवर बसले आणि फाफड्याचा पुडा वह्यांसारखा छातीशी धरला. मग ते थोडे दादांच्या अंगाशी सरकले. पुढच्या बाकावर आणखी कोणी बसावयाचे असावे.