मारोतरावांचा सात नंबर

मुठीनं खत फेकावं तर शेलूबाजारच्या मारोतरावांनीच! तीस वर्षं भाजीपाला पिकवलेला माणूस. पण लेकीचा, मंजुषाचा, साखरपुडा घरासमोरच्या हिरवळीवर करायचं ठरलं, आणि ती हिरवीगार दिसावी म्हणून हा गडी हट्टानं खत पसरवायची ढकलगाडी घेऊन आला. दोन चाकं, वर डबा, खाली भोकं; अन् भोकं लहानमोठी करायला एक ते दहा आकड्यांची चकती.

"गुंठ्याले एक किलो पडलं पाह्यजे," मारोतरावांनी कागद वाचला. "कमी पडलं तर गवत उपाशी, जास्त पडलं तर जळते. पह्यले चाचणी घ्या म्हंते."

"मंग ताडपत्री अंथरा न खाली," बायको कस्तुराबाई म्हणाल्या.

"ताडपत्रीवर काय गवत उगवते? अन् चाचणीत खत कायले नासवू? मेथीचं बी हाय न घरात!"

"अहो, ते उगवंन!"

"पाखरं ठेवतीन का? तू पाहाच!"

फाटकाकडच्या गुंठाभर हिरवळीवर चाचणी सुरू झाली. डबा भरायचा, फेरी मारायची, उरलेलं बी तोलायचं. तीन नंबरवर वाटीभर पडलं. पाचवर अर्धा किलो. सातवर बरोब्बर एक किलो! मारोतरावांनी मिशीवर असा हात फिरवला, जसे काही चंद्रावर उतरून आले!

मग दोन गुंठ्यांच्या सगळ्या हिरवळीसाठी डब्यात दोन किलो युरिया, नंबर सात, आणि घराकडून सुरुवात. अर्धी हिरवळ होते न होते तोच डबा रिकामा! युरियाचा बारीक गोल दाणा मेथीच्या बियासारखा अडखळत पडत नाही, पाण्यासारखा धावतो, हे त्यांच्या तेव्हा ध्यानात आलं.

तीन आठवड्यांनी घराकडचा गुंठा तंबाखूसारखा करपलेला, आणि फाटकाकडचा हिरवागार, टवटवीत, वीतभर उंच! पाखरं बहुतेक जऊळका गावाला गेली होती.

"आता पाहुण्यायले काय सांगू?" कस्तुराबाईंनी कपाळाला हात लावला. मंजुषा तर रडकुंडीला आली.

साखरपुड्याच्या सकाळी करपलेल्या भागावर सतरंज्या टाकल्या. तेवढ्यात पाहुणे उतरले. नवरदेवाची आई गोजराबाई फाटकातच थबकल्या. वाकल्या, पान चुरगळलं, वास घेतला.

"मेथी?" गोजराबाईंनी पदर खोचला आणि तिथंच बसकण मारून खुडायलाच लागल्या. पाठोपाठ त्यांच्या जावा! भटजी मुहूर्त मुहूर्त ओरडत राहिले. एरवी अवघडून बसणाऱ्या दोन्हीकडच्या बायका तासाभरात एकमेकींच्या ओट्यांत जुड्या टाकत खिदळत होत्या. मंजुषाही हसली.

"इवाई," गोजराबाई कौतुकानं म्हणाल्या, "इतकी एकसारखी मेथी आमच्या वावरात कधी निंगाली नाई. कशी पेरली, सांगा न!"

सगळे कान टवकारून बसले. मारोतरावांनी घसा खाकरला.

"खरं सांगू का, इहीनबाई? आमी पेरलीच नव्हती!"