हवालदार काटकरांची आठ अक्षरं

हवालदार काटकरांनी एकदा आमच्या प्राचार्यांची झडती घेतली होती.

प्राचार्य दोन पाहुण्यांना घेऊन वसतिगृहाची संगणक खोली दाखवायला आले होते. दारात काटकर आडवे उभे. "सर, खिसं दाखवा." प्राचार्यांना आधी गंमत वाटली. काटकरांच्या चेहऱ्याकडे बघितल्यावर ती वाटेनाशी झाली. शर्टाच्या खिशातून एक फ्लॉपी निघाली. काटकरांनी ती दोन बोटांत धरून पत्र्याच्या डब्यात टाकली, डब्याला कुलूप लावलं आणि चिठ्ठी लिहून दिली. "व्हायरस न्हाई ते बघून उद्या याच टायमाला मिळंल. बूट भाईर काढा. ओव्हर." मी पाहुण्यांच्या मागे उभा राहून माझ्या नोकरीचा विचार करत होतो.

नव्वदचं दशक संपत आलं होतं. सांगलीजवळच्या त्या इंजिनिअरिंग कॉलेजात मी शिकवत होतो, आणि लग्न झालेलं नसल्यामुळे मुलांच्या वसतिगृहाचं रेक्टरपदही माझ्याच गळ्यात पडलं होतं. त्या वर्षी मेसच्या वरच्या, पहिल्या मजल्यावरच्या रिकाम्या खोलीत बारा संगणक आणि एक सर्व्हर आला. बाराही संगणक एकाच काळ्या वायरवर ओवलेले. एका ठिकाणी कुणाचा पाय लागला की बाराच्या बारा गप्प. मी मुळात भित्रा माणूस. मला त्या वायरची स्वप्नं पडायची.

राखणीला संस्थेनं काटकरांना नेमलं. मूळचे रहिमतपूरचे, लष्कराच्या सिग्नल विभागातून निवृत्त झालेले. पहिल्याच दिवशी त्यांनी वायर या टोकापासून त्या टोकापर्यंत बोटांनी चाचपली आणि मला म्हणाले, "सर, ही वायर न्हवं. ही सरहद्द हाय." काळजी आम्हा दोघांनाही होती. त्यांना शत्रू आत येईल याची, मला प्राचार्य आत येतील याची.

सिग्नलमधली, वायरलेसवर बोलायची पद्धत त्यांनी इथंही सोडली नव्हती. वाक्याच्या शेवटी "ओव्हर" म्हणजे माझं झालं, आता तुम्ही बोला. "औट" म्हणजे विषय संपला, आता कुणीच बोलायचं नाही. मला सहसा ओव्हर मिळायचं, मुलांना बहुतेक वेळा औट. त्यांच्या बायकोला मात्र फक्त औटच मिळायचं. रोज दुपारी एक वाजता ती विश्रामबागेतून चालत डबा घेऊन यायची. मुलांच्या वसतिगृहात बायकांना मज्जाव, म्हणून फाटकाशी थांबायची. काटकर खिडकीतून ओरडायचे, "ठेव तितंच. औट." ती पहारेकऱ्याच्या बाकावर डबा ठेवून पदर सावरत परत जायची. तिला नावानं हाक मारलेली मी कधी ऐकली नाही. माझ्याशी बोलताना ते "आमचं घर" म्हणायचे. "आमच्या घरानं आज भरली वांगी केल्यात."

संगणक वापरायची नियमावली त्यांनी स्वतःच्या हातानं लिहिली आणि मी भीतभीत सही केली. नियम एकूण अकरा. फ्लॉपी आत न्यायची नाही आणि बाहेर तर मुळीच न्यायची नाही, सगळं काम सर्व्हरवरच ठेवायचं, हा सातवा. पण त्यांचा जीव होता चौथ्यात. पासवर्ड इंग्रजी आठ अक्षरांचा, कुणाला सांगायचा नाही, आणि "सांगितलेला पासवर्ड मेला. मेलेला बदलावा."

पासवर्ड काय असावा यावर दर वर्षी नव्या मुलांपुढे त्यांचं भाषण व्हायचं. "आईचं नाव न्हाई. देवाचं न्हाई. गावाचं न्हाई. ज्या नावानं दिसातनं एकदाबी कोण हाक मारतंय, त्यो पासवर्ड न्हवंच. भिंतीलाबी कान असत्यात, आन् मेसला तर लयच." हे ते नुसतं बोलायचे नाहीत. जेवताना पोरं एकाला "स्वाती, स्वाती" म्हणून चिडवत होती. काटकर ताटावरून उठले, हात न धुता वर गेले, आणि अर्ध्या तासात पासवर्ड ओळखून त्या पोराचं खातं बंद. तो बिचारा माझ्याकडे आला. "सर, मी पुढं आडनावबी जोडलं होतं." काटकर म्हणाले, "आडनाव लेडीज हॉस्टेलच्या बोर्डावर हाय की रं. शिस्त हाय का चेष्टा? औट."

मग काही वर्षांनी आला तो मंगळवार.

शेवटच्या वर्षाच्या मुलांचे प्रकल्प तपासायला दुसऱ्या दिवशी सकाळी बाहेरचे परीक्षक येणार होते. चाळीस मुलांचे अहवाल सर्व्हरवर, छापायचे बाकी. आणि सकाळी दहाच्या सुमारास काटकरांच्या छातीत कळ आली. खुर्चीचा हात धरून ते उभे राहिले, घामानं शर्ट भिजलेला, आणि म्हणाले, "सगळ्यांनी भाईर पडा. मला सर्व्हर बंद करायचाय." मी रिक्षा घेऊन आलो तेव्हा ते कीबोर्डवर वाकून सर्व्हरला कुलूप घालत होते. त्यांचा पासवर्ड टाकल्याशिवाय आता कुणालाही आत जाता येणार नव्हतं. रिक्षात बसल्यावर त्यांनी डोळे मिटले. मला रडू येत होतं, ते त्यांच्यासाठी की अहवालांसाठी, हे आजही सांगता येणार नाही.

मिरजेच्या दवाखान्यात त्यांना दाखल केलं. डॉक्टर म्हणाले, धोका टळलाय, पण बोलणं कमी. मी परत आलो तर वसतिगृहाच्या पायऱ्यांवर चाळीस मुलं बसलेली. एकाकडेही नक्कल नव्हती, कारण नियम सातवा, आणि त्याखाली सही माझी. एक मुलगा म्हणाला, "सर, माझं वर्ष गेलं तर वडील पुन्हा फी भरायचे न्हाईत." मी स्कूटर वळवली आणि पुन्हा मिरज गाठली.

काटकर पलंगावर पडून छताकडे बघत होते. शेजारी स्टुलावर त्यांची बायको मोसंबी सोलत होती. उशाशी टांगलेल्या कार्डावर नातेवाइकाच्या रकान्यात लिहिलं होतं, पार्वती यशवंत काटकर, पत्नी. मी अडखळत काय हवंय ते सांगितलं. काटकरांनी छतावरची नजर माझ्याकडे वळवली.

"पोरांचं वर्स जाईल म्हंता?"

"जाईल."

त्यांनी बायकोकडे न बघता मान हलवली. "भाईर जा जरा."

"आवं, पर मोसंबी..."

"भाईर जा म्हनलं न्हवं. औट."

ती बिचारी सोललेली मोसंबी हातात घेऊन व्हरांड्यात गेली. मला मनापासून राग आला. या माणसाच्या सरहद्दीपलीकडे स्वतःची बायकोसुद्धा परकीच! पलीकडच्या खाटेवर एक म्हातारा झोपला होता, काटकरांनी त्याचीही खात्री करून घेतली. मग माझं पेन घेऊन त्यांनी कागदावर एकेक अक्षर कोरलं, कागदाच्या चार घड्या घातल्या, हाताला लावलेल्या चिकटपट्टीचा एक तुकडा काढून तो बंद केला.

"टाईप केला की जाळायचा. आन् सर, आल्यावर मला बदलावा लागंल. सांगितल्याला मेला. लय वर्सं चालला बगा."

आवाज जरा जड झाला होता. मला वाटलं, औषधाचा अंमल असेल.

संध्याकाळी सहा वाजता मी सर्व्हरपुढे बसलो, मुलांना दाराबाहेर उभं केलं, आणि कागद उघडला. Sugandha. मी अक्षरं मोजली, आठ. पडद्यावर नाव उमटत नाही, नुसत्या चांदण्या उमटतात. आठ चांदण्या उमटल्या आणि सर्व्हर उघडला. बाहेर मुलांनी आरोळी ठोकली. मी मात्र कागदाकडे बघत बसलो. बाईचं नाव! आणि कार्डावर तर पार्वती! जो माणूस दुसऱ्याची स्वाती मेसमधून हुडकून काढतो, तो स्वतः ही कोण सुगंधा वर्षानुवर्षं उरात घेऊन बसला होता? आणि बायकोला बाहेर पाठवलं ते म्हणूनच! मी कागद मेसच्या शेगडीत घातला, पण नाव काही जळेना. पुढच्या दोन-तीन भेटींत मला त्या माउलीच्या डोळ्याला डोळा भिडवता आला नाही. ती विचारायची, "सर, चा घेता का?" आणि मी काहीतरी चोरल्यासारखा पळायचो.

अहवाल छापून झाले, परीक्षा पार पडली, कुणाचं वर्ष गेलं नाही. महिनाभरानं काटकर कामावर आले. बारीक झाले होते, शर्ट लोंबत होता. आल्या आल्या त्यांनी वायर चाचपली, डब्याचं कुलूप ओढून पाहिलं, आणि सर्व्हरपुढे बसले.

"पाठ करा सर."

मी पाठ केली. बराच वेळ कीबोर्ड वाजलाच नाही. मग आठ वेळा वाजला.

"झाला का बदलून?"

"झाला. नियम हाय न्हवं." मग हळूच म्हणाले, "आता ते नाव मोकळं झालं."

मी वळून बघितलं तर ते घड्याळाकडे बघत होते. एक वाजायला आला होता. जेवणाची वेळ, मेसपुढं मुलांची रांग लागलेली. फाटकाशी डबा घेऊन त्यांची बायको आली. काटकर उठले, छातीवर हात धरत खिडकीशी गेले, आणि वायरलेसवर बोलावं तसं खणखणीत ओरडले.

"सुगंधा! थांब, आलो. ओव्हर."

सगळी रांग वर बघायला लागली. तिनं मात्र आधी मागं वळून बघितलं, दुसरी कोण आली की काय म्हणून. मागं कुणी नव्हतं. मग तिनं डबा दोन्ही हातांनी पोटाशी धरला आणि खिडकीकडे बघत राहिली. तिला बोलायची पाळी दिली होती, पण तिला बोलता येईना.

काटकर एकेक पायरी मोजत उतरायला लागले. डॉक्टरांनी जिना जपून म्हणून सांगितलं होतं, मला धीर धरवेना. मी पुढं धावत फाटकाशी गेलो आणि म्हणालो, "येतायत, येतायत." ती पदरानं डोळे पुसत होती.

"माझं माहेरचं नाव हाय सर. बानं ठेवल्यालं. लग्नात बदलून पार्वती केलं. तवापास्नं कुणी हाक मारली न्हाई त्या नावानं. मला वाटलं, ह्यास्नी म्हाईतबी नसंल."

माझ्या ओठावर आलं होतं की बाई, त्यांना माहीत होतं, ते रोज सकाळी आठ वाजता पहिलं तेच नाव घ्यायचे. पण जिन्यात काटकरांची चाहूल लागली, आणि नियम चौथा आठवला. मी बाकावरची धूळ रुमालानं झटकली, दोघांना बसायला.