धोंड्याचं जेवण आणि अर्धी टाकी

धोंड्याच्या जेवणाला जावई सासुरवाडीला येतो तेव्हा बरोबर काय आणतो? बायकोला आणतो, फार तर पेढ्यांचा पुडा आणतो. विमलबाईंच्या जावयानं गाडीचं स्टेअरिंग आणलं. गाडी नाहीच. नुसतं स्टेअरिंग, पायाखाली दाबायची पेडलं आणि दारातून आडवा घ्यावा लागला असा कंप्युटरचा पडदा. सगळं रोह्याहून गोधडीत गुंडाळून, तान्ह्या पोरासारखं.

अधिक महिना तीन वर्षांनी एकदा येतो आणि मनस्वीच्या लग्नानंतरचा हा पहिलाच. या महिन्यात जावई म्हणजे साक्षात नारायण. त्याला दिवा ओवाळायचा, तेहतीस अनारसे द्यायचे आणि एकही वाकडा शब्द बोलायचा नाही. पहिल्या दोन गोष्टी विमलबाईंना सोप्या होत्या. तिसरीनं मात्र जीव घुसमटला. गणपती न्यायला येणारे मोठमोठे व्यापारी हमरापुरात ज्या जिभेला वचकून असत, ती जीभ कालपासून दाताखाली धरून त्या हिंडत होत्या.

धनेश तसा वाईट नव्हता. कंपनीत शिफ्टला जायचा, सुपारीच्या खांडाचं व्यसन नाही. पण त्या स्टेअरिंगपुढे बसला की माणूस घरातून उठून गेल्यासारखा. काल मनस्वीनं दोनदा "अहो" म्हटलं, मान वळली नाही. तिसऱ्यांदा ती बोललीच नाही. ते न बोलणं विमलबाईंनी ऐकलं. उद्या मनस्वी तापानं फणफणली तर हा काय म्हणेल, एवढं वळण होऊ दे?

त्यांनी घरच्या गणपतीच्या कारखान्याच्या आतल्या खोलीत, रंग न लागलेल्या गणपतींच्या रांगेसमोर त्याला जागा करून दिली होती. पेडलं फरशीवर सरकत होती, म्हणून त्यानं त्यांच्यामागे टेकू लावला. टेकू कसला? विमलबाईंचा पाटा. सासूच्या हातचा, वाटणाचा पाटा.

"जावईबापू, हे काय चाललंय?" त्यांनी शक्य तेवढ्या मऊ आवाजात विचारलं.

"पेट्रोलचा हिशोब, आई. उद्या दीड तासाची शर्यत हाय. माणसं आपापल्या घरी बसून चालवतात, गाड्या ह्या पडद्यावर पळतात. टाकी भरून निघालो तर गाडी जड होते, वळणावर मार खाते. म्हणून अर्धी टाकी घ्यायची, मध्ये एकदाच थांबून भरायची, ती पण मोजकी. शेवटची रेघ ओलांडली की टाकी कोरडी."

"पेट्रोल खरं नाय ना?"

"नाय."

"गाडी पण नाय?"

"नाय."

"मंग वजन कुठनं आलं?"

धनेशनं वाकून पेडलामागचा पाटा आणखी आत रेटला.

"आमच्यात तांदळाचा डबा कोरडा करत नाय," विमलबाई म्हणाल्या. "तळाला मूठभर ठेवतात. उद्या कधी हाय ही शर्यत?"

"बाराला."

जेवण बाराचं होतं. गडबहून नणंद धोंडुबाई येणार होत्या, आणि त्यांनी पाहिलेलं संध्याकाळच्या आत नागोठण्यापर्यंत पोचतं. जावई ओवाळल्याशिवाय पानं मांडायची नाहीत, अशी रीत. म्हणजे दीड तास घरभर माणसं उपाशी, आणि नारायण खुर्चीत.

विमलबाईंनी रात्रभर विचार केला आणि सकाळी फर्मान काढलं. "मध्ये थांबता ना? किती वेळ?"

"चाळीस सेकंद, आई. पण..."

"बास झालं. तुमची गाडी पेट्रोल पिईल, तवर आमी ओवाळून घेऊ."

तालीम झाली. विमलबाईंचे यजमान दत्तात्रेय हातात स्टेअरिंग म्हणून परात धरून खुर्चीत बसले. मनस्वीनं टिळा लावायचा, विमलबाईंनी ओवाळायचं, धोंडुबाईंनी अनारशाचा तुकडा तोंडात घालायचा.

"मला खरंच भूक लागलीय," दत्तात्रेय म्हणाले.

"तुमी गाडी हाव. गप बसा."

निरांजनात तूप घालताना मात्र विमलबाईंचा हात थबकला. भरलेलं निरांजन घाईत कलंडलं आणि तारांवर सांडलं तर? चाळीस सेकंदांना असं किती लागतं? जावयाचंच ऐकू. हलकं बरं. त्यांनी अर्धा चमचा तूप घातलं.

शर्यत सुरू झाली. पाऊण तास झाला तशा तिघी निरांजन पेटवून दाराशी उभ्या राहिल्या. धनेश थांबेना.

"अहो, कधी?" मनस्वीनं विचारलं.

"वळणाआधी पाय उचलून पेट्रोल वाचवलंय!" तो पडद्याकडे बघतच ओरडला. "अजून तीन फेऱ्या मारीन!"

तीन फेऱ्या! विमलबाईंनी निरांजनात पाहिलं. वात तळाला टेकली होती.

"आये, तूप आणू?"

"आणि तेवढ्यात थांबला तर टिळा कोन लावील? जागा सोडू नको."

"विमल," धोंडुबाई हळूच म्हणाल्या, पण हळू बोलणं त्यांना कधी जमलंच नव्हतं, "जावयापुढं दिवा विझला तर बरं नाय गो."

डबा कोरडा करू नये म्हणणाऱ्या बाईनंच तूप मोजून घातलं होतं. विमलबाईंनी पदराचा आडोसा केला. ज्योत निळी झाली, बारीक झाली. मनस्वीनं एकदाच, जवळजवळ स्वतःशीच म्हटलं, "अहो."

धनेशची मान वळली.

त्यानं ज्योत पाहिली, मग मनस्वीचं तोंड पाहिलं. "आलो," म्हणाला, आणि पुढच्याच वळणाला गाडी बाजूला घेऊन पेट्रोल भरायच्या जागी थांबवली. कानावरचं यंत्र काढलं, खुर्चीतून उठला आणि गणपतींकडे पाठ होऊ नये म्हणून तिरका होऊन शेजारी मांडून ठेवलेल्या पाटावर बसला. टिळा लागला, ज्योत फिरली, आणि शेवटच्या फेरीला सुस्कारा टाकून विझली. पण ओवाळून झालं होतं.

चाळीस सेकंद कधीच संपले होते. आता धोंडुबाई अडून बसल्या. "नाव घ्या! नावाशिवाय अनारसा नाय!"

धनेशनं एकदा पडद्याकडे पाहिलं. गाड्या सूं सूं करत पुढे चालल्या होत्या. मग त्यानं डोळे मिटले.

"टाकी भरली, चाकं बदलली, गाडी उभी दारात,
मनस्वीचं नाव घेतो हमरापूरच्या घरात."

अनारसा तोंडात कोंबूनच तो खुर्चीकडे धावला, आणि कपाळावर हात मारला. अवेळी थांबल्यामुळे मोजकं पेट्रोल सांगायचं राहून गेलं होतं. कंप्युटरनं आपणहून टाकी काठोकाठ भरली होती. गाडी जड, आणि मागे दोघंतिघंच उरलेले.

विमलबाई तिथून हलल्या नाहीत. पाहुणे जेवायला बसले, दत्तात्रेयांनी दुसरा भात घेतला, तरी त्या रिकामं निरांजन हातात घेऊन उभ्याच. शर्यतीतलं त्यांना काही कळत नव्हतं. एवढंच कळत होतं की पोरगा हरतोय, आणि आपल्यामुळे.

वेळ संपायला आली. तेवढ्यात धनेश ताठ बसला. सगळ्यात पुढच्या गाडीनं घड्याळ संपायच्या जरासं आधी रेघ ओलांडली होती, म्हणून नियमानं सगळ्यांना आणखी एक फेरी मारायची होती. आणि सगळ्यांच्या टाक्या शेवटच्या थेंबापर्यंत मोजलेल्या. एक गाडी वळणावर थांबली, एक चढावर, दोन सरळ रस्त्यातच. धनेशची जड गाडी, हाटातून येणाऱ्या भरल्या बैलगाडीसारखी, त्यांच्या बाजूनं निघाली.

"कितवा आला?" धोंडुबाईंनी जेवता जेवता विचारलं.

"चौथा," धनेश म्हणाला. "बक्षीस तिसऱ्यापर्यंत."

"अगो बाई! मंग एवढं करून काय मिळालं?"

धनेश हसला. त्यानं विमलबाईंकडे पाहिलं. विमलबाईंनी निरांजन खाली ठेवलं. अधिक महिना, नारायण, रीत, सगळं बाजूला सारलं आणि दोन दिवस दाबलेली जीभ मोकळी केली.

"जावईबापू, ऐका. गाडी पळवायला काय, उताराला सोडली तर घंगाळ पण पळतं. पोरीनं हाक मारली आणि तुमी थांबलात, माझ्यापुरते तुमी पयले आलात. आता तो पाटा उचला, धुवा, होता तिथं ठेवा. आणि जेवायला बसा, टाकी भरल्याशिवाय उठायचं नाय."