शिर्दाकावरचा गृहपाठ

त्या दिवशी मी गृहपाठ करायचं ठरवलं, आणि सगळं तिथेच चुकलं. (मी गृहपाठ न केल्यानं आमच्या घरात आजवर कुणाचं काही बिघडलेलं नाही. केल्यानं काय होतं ते आता सांगतो.)

माझं नाव तिलेक, वय पंधरा. शाळेत मी अर्धाच असतो. म्हणजे बर्फ असेपर्यंत वर्गात, आणि बर्फ वितळलं की मामाबरोबर वरच्या कुरणात मेंढरांमागे. वर्गात असतो तेव्हाही अर्धा वेळ दाराबाहेर. भूमितीचे शाबदान सर हल्ली मला बाहेर काढताना कारणसुद्धा सांगत नाहीत, नुसतं दाराकडे बघतात.

त्या दिवशी मात्र कारण होतं. सरांनी फळ्यावर खडूचा एक ठिपका दिला आणि म्हणाले, हा बिंदू, याला लांबी नाही, रुंदी नाही, जाडी नाही. मी उभा राहून अगदी सभ्यपणे विचारलं, की सर, मग तो तुम्हाला दिसला कसा? वर्ग हसला. सर म्हणाले, दिसतो तो खडू, बिंदू म्हणजे नुसती जागा. मग त्यांनी रेषा काढली. हिला दोन्हीकडे शेवट नाही आणि रुंदी मुळीच नाही. मी म्हटलं, म्हणजे आपल्या गावाचा रस्ता. सरांनी दाराकडे बघितलं.

दार जाड आहे. बाहेरून मला ऐकू आलं ते एवढंच, की एका बिंदूतून कितीही रेषा जातात, दोन बिंदूंतून एकच जाते, आणि तीन बिंदू मिळाले की एक प्रतल ठरतं. प्रतल म्हणजे सगळीकडे पसरत जाणारा सपाटपणा. तीन बिंदूंबद्दल सर पुढे आणखी काहीतरी म्हणाले, पण तेवढ्यात व्हरांड्यात एक गाढव आलं आणि मला त्याच्याकडे बघावं लागलं. गृहपाठ असा होता, की घरातली एखादी मोठी सपाट वस्तू घ्यायची, तिच्यावर हे सगळं काढून बघायचं, बिंदूंना A, B, C नावं द्यायची आणि वहीत उतरवून आणायचं.

आमच्या अंगणात त्या दिवशी अख्ख्या गावातली सगळ्यात मोठी सपाट वस्तू पसरली होती. माझ्या बहिणीचा, अनारकुलताईचा शिर्दाक, म्हणजे लोकरीची जाड नक्षीदार बैठक.

ताईचं लग्न ठरलं होतं आणि आठ दिवसांनी नवऱ्याकडची माणसं रुखवत बघायला येणार होती. रुखवतात बाकी काहीही कमी असलं तरी चालतं, शिर्दाक लागतोच. दोन वर्षांची लोकर जमवून, गल्लीतल्या सगळ्या बायकांनी कोपरं सोलवटेपर्यंत लाटून तिचे दोन नमदे, म्हणजे जाड घट्ट थर, केले होते, एक पांढरा आणि एक लाल. खाली पांढरा, वर लाल. लालवर आजी खडूनं नक्षी काढते. मग आई आणि झिपारकाकू धारदार सुऱ्यांनी दोन्ही नमदे एकदमच कापतात. लालचे तुकडे पांढऱ्यात बसतात, पांढऱ्याचे लालमध्ये, आणि एका नक्षीत दोन शिर्दाक होतात. चिंधीभर वाया जात नाही. पण चुकलं तर दोन्ही चुकतात, आणि तिसरा नमदा नाही.

आणखी एक सांगायला हवं. आजीच्या खडूला कुणी प्रश्न विचारत नाही. सहा वर्षांपूर्वी काकूनं विचारलं होतं, की सासूबाई, हे शिंग जरा वाकडं नाही का वाटत? आजीनं खडू खाली ठेवला तो दोन वर्षं उचलला नाही. काकूच्या भावाचं लग्न साध्या सतरंजीवर लागलं. तेव्हापासून आमच्या घरात खडूची रेषा दिसली की बायका सुरी चालवतात. विचार नंतर.

मी शाळेतून आलो तेव्हा आजी अर्ध्या नमद्यावर मेंढ्याची शिंगं काढून शेजारी नवीन झालेलं बाळ बघायला गेली होती. आई, काकू आणि ताई आत कणीक मळत होत्या. उरलेला अर्धा लाल नमदा कोरा, आणि खडू त्याच्यावरच पडलेला. मी आधी एक ठिपका दिला. तो वाळवलेल्या दह्याच्या गोळीएवढा झाला, पण जागा ती जागा. त्यातून रेषा काढत सुटलो, बारा झाल्यावर कंटाळलो. मग दोन बिंदू आणि त्यांतून जाणारी एकच रेषा, दोन्ही टोकांना बाण, कारण तिला शेवट नाही. शेवटी प्रतलासाठी तीन ठिपके, नीट एका ओळीत, परेडला उभे केल्यासारखे, आणि प्रत्येकाखाली ठसठशीत अक्षर, A, B, C. (मी तसा टापटिपीचा मुलगा आहे, कुणाला दिसत नाही एवढंच.) आजी परत आली की कशी चक्रावेल ते बघायचं, मग चार थापा मारून खडू उडवायचा आणि वही काढायची, असा बेत होता. तेवढ्यात गल्लीत मेंढीच्या हाडांचा डाव मांडल्याची हाक आली.

डाव मी हरलो. परत आलो तर आई, काकू आणि ताई तिघी गुडघ्यांवर बसून कापत होत्या. शिंगं कापून झाली होती. माझ्या बारा जाड रेषाही दोन्ही कडांनी कापून झाल्या होत्या, बारा लांबट पाकळ्यांसारख्या. काकू जीभ बाहेर काढून B च्या पोटातून सुरी फिरवत होती.

मी धावत जवळ गेलो. काकूनं वर न बघताच मला सांगितलं, की बघ, म्हातारीनं यंदा काय नवीन काढलंय. हा तंबू. हे मेंढ्याचं अर्धं शिंग. आणि हे काय ते मला कळत नाही, पण मी विचारणार नाही. आई म्हणाली, "ती खोगिराची जोडपिशवी आहे. कापा गुपचूप."

मी पण गुपचूप राहिलो. म्हटलं, यांना ते आजीचंच वाटतंय. वाटू दे.

मग आजी आली. अंगणाच्या दारात उभी राहिली आणि शिर्दाकाकडे बघत राहिली. मला वाटलं, आता आकाश कोसळणार. पण तिनं आधी पायातले जोडे काढले. हळूहळू जवळ आली, वाकली, बारा पाकळ्यांवरून बोट फिरवलं. मग तिन्ही ठिपक्यांवरून. मग स्वतःच्या हाताकडे बघितलं, उजव्या, खडूनं पांढऱ्या झालेल्या.

"हे मी काढलं?" तिनं आईला विचारलं.

आई म्हणाली, सकाळपासून तुम्हीच तर काढताय. काकूनं भीतीपोटी जोरात मान हलवली आणि फार सुंदर झालंय म्हणाली.

आजी खाली बसली. आजीची थोरली बहीण बात्मा म्हणून होती. शेवटची चार वर्षं ती चहाच्या रिकाम्या समोवाराखाली जाळ घालायची आणि स्वतःच्या मुलाला विचारायची, पाहुण्या, तू कुणाचा? आजीनं तिला सांभाळलं होतं. आता आजी ज्या तोंडानं त्या ठिपक्यांकडे बघत होती ते तोंड मी आधी कधी बघितलं नव्हतं. रागावलेली आजी मला पाठ आहे. ही घाबरलेली होती.

"मला आठवत नाही," ती म्हणाली. अगदी हळू. मग तिनं पदराला बोटं पुसली, एकेक करून. "अनार, उरलेलं तू काढ. मी आता खडू धरणार नाही."

ताई रडायलाच लागली. शिर्दाकासाठी नाही, ते मला कळलं. शिर्दाक बिघडला म्हणून रडायची तर ती पहिल्या बाणालाच रडली असती.

आणि मी उभा. काही बोललो नसतो तर माझ्यावर काहीच आलं नसतं. जन्मात पहिल्यांदा माझी खोडी कुणाच्या लक्षात आली नव्हती. आजवर मी सरपंचाच्या टोपीत बेडूक ठेवलाय, मामाच्या घोड्याच्या शेपटीला घंटा बांधलीय आणि प्रत्येक वेळी दहा मिनिटांत पकडला गेलोय. आज सुटत होतो, आणि सुटायला नको होतं.

मी म्हटलं, "आजी, तू नाही. मी काढलं. गृहपाठ आहे."

कुणाचाच विश्वास बसला नाही. काकू म्हणाली, आजीला वाईट वाटू नये म्हणून पोरगं अंगावर घेतंय, मनानं चांगलं आहे. आई म्हणाली, चांगलं असेल, पण गृहपाठ? तिलेक? मला अख्खं सिद्ध करून दाखवावं लागलं. वही आणली, तिच्यावर सरांच्या हातचा प्रश्न दाखवला. एका बिंदूतून कितीही रेषा, ह्या बघा बारा. दोन बिंदूंतून एकच. तीन बिंदू, एक प्रतल. ही जोडपिशवी नाही काकू, हा B आहे.

आईनं हातातली सुरी आधी खाली ठेवली, मग मला मारलं. (ती विचारी आहे.) तीन फटके झाल्यावर आजी म्हणाली, थांब. तिच्या तोंडावर रंग परत आला होता. मला जवळ बसवून म्हणाली, काय शिकवतात ते नीट सांग.

मी सांगितलं. बिंदूला आकार नसतो. रेषेला रुंदी नसते. आणि हे सगळं खोटं आहे, कारण मी कितीही बारीक खडू धरला तरी रुंदी राहतेच.

आजीनं बारा पाकळ्यांतली एक लाल पाकळी उचलली, खालच्या पांढऱ्या नमद्यातली तिच्याच मापाची काढून बाजूला ठेवली आणि लाल तिथे बसवली. घट्ट बसली. बोटानं कड दाखवत म्हणाली, "इथे लाल संपतं. इथे पांढरं सुरू होतं. मधे काय आहे?"

मी वाकून बघितलं. मधे काहीच नव्हतं. लाल होतं, पांढरं होतं, आणि मधे एक रेषा होती, अगदी स्पष्ट, आणि तिच्यात काहीच नव्हतं.

"साठ वर्षं मी हेच काढतेय," आजी म्हणाली. "खडू पुसून टाकायचाच असतो. सर तुला खोटं सांगत नाहीत. फळा कापता येत नाही, म्हणून त्यांना दाखवता येत नाही."

मी त्या कडेवरून पुन्हा पुन्हा बोट फिरवत राहिलो. (आईनं कपाळाला हात लावून ताप बघितला.)

मग आजीनं खडू उचलला. बारा पाकळ्यांभोवती एक वळसा काढला आणि त्याचा सूर्य झाला. बाणांची टोकं कावळ्याचा पंजा म्हणून चालून गेली, ती नक्षी आमच्याकडे जुनीच आहे. A तंबू राहिला, C ला जोडीदार देऊन पुरं शिंग केलं. B चं काय करावं ते तिलाही सुचलं नाही, तेव्हा ती जोडपिशवीच राहिली. तीन ठिपके तिनं तसेच ठेवले. आठ दिवस सगळ्या बायका शिवत होत्या, आणि प्रत्येक रेषेवर बसवायचा लोकरीचा गोफ वळायला मी होतो. माझ्या बोटांची सालं गेली. रेषेला रुंदी नसते, पण तिची लांबी फार असते.

नवऱ्याकडची माणसं आली. नवऱ्या मुलाच्या आईनं शिर्दाकाची कड उलटून टाके बघितले, मग चालत सूर्यावर जाऊन थांबली आणि विचारलं, ही नक्षी कुणाच्या घराण्यातली? काकूनं श्वास रोखला. आजी म्हणाली, आमच्याच, आमच्या नातवानं काढलीय. त्या बाईंनी मला वरपासून खालपर्यंत बघितलं आणि म्हणाल्या, गुणी मुलगा दिसतो. ताईला हसू आवरेना, ती चहा आणायला पळाली.

लग्नाला शाबदान सर आले होते. मी त्यांना हाताला धरून शिर्दाकाजवळ नेलं आणि म्हटलं, सर, गृहपाठ. वहीत उतरवायचा राहिला, पण हा घ्या, टिकाऊ आहे. सरांनी लग्नातलं तळलेलं बोरसोक चावत शांतपणे सगळं बघितलं. सूर्यापाशी मान हलवली. बाणांपाशी हलवली. मी कड दाखवून म्हटलं, रुंदी नाही बघा. तेव्हा त्यांनी चावायचं थांबवून खाली बसून बघितलं, आणि माझ्या खांद्यावर हात ठेवला. असा हात त्यांनी आजवर ठेवला नव्हता. मला वाटलं, पाचापैकी पाच.

मग ते तीन ठिपक्यांपाशी आले.

"हे काय?"

"प्रतल, सर. तीन बिंदू, एक प्रतल."

"एका ओळीत नसलेले तीन बिंदू," सर म्हणाले. "एका ओळीतल्या बिंदूंनी काहीच ठरत नाही. मी हे वर्गात सांगितलं तेव्हा तू कुठे होतास?"

गाढवाकडे बघत होतो, हे मी सांगितलं नाही. सरांनी खिशातून पेन काढलं आणि माझ्या तळहातावर दोन लिहिले. दोन म्हणजे नापास.

तळहातावरची शाई संध्याकाळी धुतल्यावर गेली. चूक नाही गेली. आजी म्हणते, चांगला शिवलेला शिर्दाक पन्नास वर्षं टिकतो, आणि हा तिनं फार चांगला शिवलाय.