टिपणीसकाकांचं चलन

टिपणीसकाका कोथिंबिरीची जुडीसुद्धा बंद पाकिटात भाव लिहून घेतात.

पनवेलच्या आमच्या सोसायटीच्या फाटकाशी गव्हाणची जनाबाय भाजी घेऊन बसते. बाकीची गिऱ्हाइकं घासाघीस करतात. काका मात्र खिशातून पाकीट काढून तिच्या टोपलीत ठेवतात आणि दोन पावलं मागे सरून आकाशाकडे बघत उभे राहतात. बोली लावणाऱ्यानं विकणाऱ्याच्या तोंडाकडे बघू नये, असा त्यांचा नियम आहे. जनाबायला वाचता येत नाही. ती पाकीट उलटसुलट करते आणि म्हणते, "ओ बाबा, मना कागुद नको देव. तोंडानं सांग. आमी काय शालंत गेलो नाय."

"तोंडानं सांगतात ती फुशारकी, जनाबाय. पाकिटात लिहितात ती गरज."

मग ते पाकीट मी फोडते, आकडा वाचते, जनाबाय "परवडत नाय" म्हणते आणि जुडी शेवटी तिच्याच भावानं जाते. मी काकांची शेजारीण. दिवसभर न्हावा शेव्याला एका ऑफिसात कंटेनरचे कागद वाचायचे आणि सुट्टीच्या दिवशी काकांची पाकिटं, असं माझं नशीब आहे.

काकांची सगळी नोकरी एका मोठ्या बँकेच्या परकीय चलन विभागात गेली. निवृत्त होऊन पंधरा वर्षं झाली, पण विभाग काही त्यांना सोडत नाही. जगात जिथे जिथे मध्यवर्ती बँका डॉलरचे लिलाव करतात, तिथले निकाल ते मोबाइलवर बघतात आणि सकाळी लिफ्टमध्ये मला गाठतात.

"परवाच्या लिलावात पाकिटं फार आली. एका डॉलरला वाटेल तेवढं चलन द्यायला लोक तयार. याचा अर्थ काय?"

"डॉलर महागला."

"चूक! याचा अर्थ घरचं चलन कुणाला हातात नकोय. पाकिटं कमी आली, भाव बेताचे आले, की समजावं लोकांना आपलाच पैसा जवळ ठेवावासा वाटतोय. लिलाव डॉलरचा, परीक्षा घरच्या चलनाची."

तेवढ्यात तळमजला येतो म्हणून मी वाचते.

या विषयात त्यांचे राग-लोभही ठरलेले होते. राग कुणावर, तर भाव टिकवायला स्वतःचंच चलन स्वतः विकत घेत सुटणाऱ्या बँकांवर. "गाठीचे डॉलर किती दिवस पुरणार?" असं ते तळतळून विचारायचे. आणि आस कसली, तर कोऱ्या पाकिटाची. भाव न लिहिता, 'जो असेल तो' म्हणून आलेली बोली. "उभ्या नोकरीत एक नाही पाहिलं. इतकं मनापासून कुणाला काही हवंच नसतं."

सोसायटीत दर जानेवारीत आनंदमेळा भरायचा. टेबलांवर रोख पैसे चालत नसत, कुपनं घ्यावी लागत. दहा रुपयांचं साधं कुपन, पण त्याची व्यवस्था काकांकडे गेली आणि त्याचं चलन झालं. गुलाबी पुठ्ठ्याची मोजून दोनशे कुपनं, प्रत्येकावर 'धारकास एक पदार्थ देण्याचे वचन देतो' आणि खाली काकांची लफ्फेदार सही. विक्री अर्थात लिलावानं. लोकांनी पाकिटात भाव लिहून पेटीत टाकायचा, वरच्या भावापासून कुपनं वाटत यायची आणि शेवटचं कुपन ज्या भावाला जाईल तो सगळ्यांचा भाव. पेटी उघडायचं काम माझं.

आमचे सेक्रेटरी म्हात्रे पहिल्या वर्षी डोक्याला हात लावून म्हणाले, "काका, आनंदमेला हाय, शेअर बाजार नाय."

भाव अठराला गेला! पुढच्या वर्षी बावीस. काका छाती काढून हिंडायचे. "मोजकं छापलं, म्हणून मागणी आहे," असं सांगायचे. खरं कारण सगळ्यांना ठाऊक होतं. एक नंबरच्या टेबलावर टिपणीसकाकू घावने आणि वालाचं बिरडं करायच्या. वाल जनाबायकडून आणायच्या, मोड आणून स्वतः सोलायच्या आणि संध्याकाळी सातच्या आत पातेलं रिकामं व्हायचं. ते बिरडं आठवलं की अजून माझी समोरच्या जेवणावरची वासना उडते. जनाबाय टेबलाच्या टोकाशी बसून जेवायची. लोक त्या पातेल्यासाठी बोली लावायचे, काकांच्या सहीसाठी नव्हे. काकू हसून म्हणायच्या, "ह्यांना वाटतं ह्यांच्या सहीला किंमत आहे. वाटू दे."

निकाल लागला की काका स्वयंपाकघराच्या दाराशी उभे राहून खणखणीत आवाजात वाचायचे, "बोली एकोणनव्वद. भाव बावीस रुपये." काकू गॅसकडून मान न वळवता म्हणायच्या, "बरं." झाला समारंभ.

दोन वर्षांपूर्वी काकू गेल्या. पहिल्या वर्षी मेळा झालाच नाही. यंदा मीटिंगमध्ये विषय निघाला तेव्हा काका उठून म्हणाले, "एक नंबरचं टेबल हिच्याच नावानं लागेल. बिरडं मी करीन." म्हात्रे भला माणूस, पण त्यांनाही बाकीच्यांचं ऐकावं लागतं. तरुण मंडळींना कुपनं नकोच होती. शेवटी असं ठरलं, की यंदा भाव दहाच्या खाली गेला तर पुढल्या वर्षीपासून कुपनं बंद, सगळीकडे क्यूआर कोड. आणि एक नंबरचं टेबल खारघरच्या मोमोवाल्याला.

मेळ्याच्या आदल्या दिवशी दुपारी मी पेटी उघडली. पहिलं पाकीट सात रुपयांचं. दुसरं सहाचं. एकात तर 'जीपे चालेल का?' एवढंच लिहिलेलं. माझं मन खट्टू झालं. मग एकामागून एक पाकिटं निघाली, चौदा, तेरा, चौदा, आणि प्रत्येकात दहा-दहा कुपनांची मागणी. मी नावं बघितली. बी पाचशे चार? त्या घराला तर तीन वर्षं कुलूप आहे. ए दोनशे एक? ते लोक पुण्याला गेले. सगळी पाकिटं जुन्या कॅलेंडरच्या पाठकोऱ्या कागदाची, घरी खळ लावून चिकटवलेली, आणि प्रत्येक एकच्या आकड्याच्या डोक्यावर बँकेतल्या सवयीची तीच छोटी टोपी. हे अक्षर मी नऊ वर्षं कोथिंबिरीच्या जुडीवर वाचत आले आहे.

काकांनी स्वतःचं चलन स्वतः विकत घेतलं होतं. मी कुणाला काही बोलले नाही. भाव तेरा लावला, एक पाकीट पर्समध्ये ठेवलं आणि त्यांच्याकडे गेले.

काका टेबलाशी वाल सोलत बसले होते. अंगठ्याची कातडी पाण्यानं सुरकुतली होती. शेजारच्या ताटात फाटलेल्या घावनांचा ढीग होता.

"भाव?"

"तेरा, काका. टेबल राहिलं."

त्यांनी मान हलवली. मग माझ्याकडे न बघता विचारलं, "खरी किती होती?"

खोटं बोलणं मला जमलं असतं, पण त्यांच्यापुढे धीर झाला नाही. "दहाच्या वरची? एकही नाही."

"हं." त्यांनी आणखी दोन वाल सोलले. "तुम्हा सगळ्यांना वाटायचं, म्हाताऱ्याला कळत नाही भाव कशामुळे चढतो. अगं, मला कळत होतं. जेवताना 'छान झालंय' म्हणायला मला कधी जमलं नाही. आमच्या घरात कुणी म्हणतच नसे. म्हणून हा सगळा खटाटोप. वर्षातून एकदा आकडा तरी वाचून दाखवता यायचा तिला."

मी पर्समधलं पाकीट काढून त्यांच्यापुढे ठेवलं. त्यांनीच लिलावासाठी वाटलेलं, कडेला मातीचा डाग असलेलं. जनाबायनं सकाळी स्वतः पेटीत टाकलं होतं.

काकांनी ओल्या हातांनी ते उघडलं. कागद पालथा करून पाहिला.

"कोरं आहे."

"तिला लिहिता येत नाही ना. म्हणाली, 'काकूच्या टेबलाचं एक कुपन मना दे. काय भाव असंल तो.'"

काकांनी कागद बोटांनी सपाट केला. मग चष्मा पुसला, उठले, आणि स्वयंपाकघराच्या दाराशी जाऊन उभे राहिले. कागद नाकासमोर धरला. आवाज पूर्वीसारखा खणखणीत लागला नाही, पण त्यांनी निकाल पुरा वाचला.

"बोली एक. भाव, असेल तो."

आत गॅसवर तवा नुसताच तापत होता. काका दारातून हलेनात.

मी वालांचं पातेलं पुढ्यात ओढलं आणि म्हणाले, "बरं."